तिसऱ्या दिवसाचं लिंबू

सोनईच्या दूध संकलन केंद्रात दुधाची नोंद ठेवणारा सर्व्हर बंद पडला आणि सकाळी सातलाच रांग थांबली होती. कॅन खाली ठेवून सगळे काचेआडच्या सर्व्हरकडे हात जोडून उभे होते आणि मच्छिंद्र बुवा त्याच्यावरून लिंबू उतरवत होते.

"समदी बटनं बंद करा. आत बाधा हाय, तिला वीज पाजू नका." लिंबू टांगून झालं. "आता करा चालू."

चालू झालं. बायकांनी हळदकुंकू वाहिलं.

तिसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा कोसळलं, पुन्हा बुवा, पुन्हा चालू. महिनाभर हेच. बाधा दूध मोजायच्या काट्यावर बसणाऱ्या अश्विनीची, असं बुवांनी सांगितलं. नवरा वारलेला, हात वाईट. चेअरमन आबासाहेबांनी तिला घरी बसवलं. तरीही यंत्र पडायचं, तर बुवा म्हणाले, "सावली दमानं जाती."

तिथले संगणक मी सांभाळतो. त्या एका सर्व्हरच्या पोटात तीन आभासी संगणक चालतात, दुधाच्या हिशोबाचा लिनक्स या प्रणालीवर. तो पहिल्यांदा कोसळला त्याच दिवशी मी क्रॅशची नोंद, म्हणजे तो का पडला हे यंत्रानंच लिहून ठेवलेलं, वाचली होती. काटा संगणकाला जोडणारा, मी लिहिलेला प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, दर कॅनमागे थोडी मेमरी घ्यायचा, परत द्यायचा नाही. तिसऱ्या दिवशी मेमरी संपायची आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, मान टाकायचा. चूक माझी होती. दुरुस्त करायचं तर कारण सांगावं लागलं असतं, काम गेलं असतं. मी गप्प बसलो.

परवा अश्विनी पाथर्डीच्या जीपपाशी दिसली, कायमची माहेरी निघालेली. "सर, माझ्याच हातानं पडत आसंल का वो?" तिलाही पटलं होतं. मला तिच्याकडे बघवेना. मी तिला केंद्रात परत आणलं.

लिंबू ताजं होतं. मी दुधाच्या आभासी संगणकाची मेमरी मुद्दाम अगदी कमी केली, म्हणजे ती तीन दिवसांऐवजी थोड्याच कॅनमध्ये संपेल.

"आबासाहेब, रिकामा कॅन तुम्हीच ठेवा आणि उचला. पन्नास वेळांच्या आत यंत्र पडेल."

एकेचाळिसाव्याला पडलं. मी नुसतं बंद करून चालू केलं. उठलं.

"बुवा आधी सगळं बंद करायला लावतात, त्यानं मेमरी मोकळी होते, तेवढंच औषध. लिंबू नुसतं लोंबतं."

बुवा चपला शोधू लागले. आबासाहेबांनी विचारलं, "तुमाला कवा कळलं हुतं?"

"पहिल्याच दिवशी."

अश्विनी हळू आवाजात म्हणाली, "जावंच्या तान्ह्या पोरीला म्या महिनाभर हात लावला न्हाई, सर."

म्हणून हे लिहितो आहे. यंत्र पडलं तर माणसाचा हात बघू नका, नोंद मागा. आणि ती वाचून गप्प बसलेला कुणी असेल, तर बुवाच्या आधी त्याला जाब विचारा.