संशयित विहिरी

पनवेलच्या त्या महाविद्यालयात १९९७ साली विहिरींचे पाणी शुद्ध करण्याची एक पद्धत रूढ होती. तिला ना तुरटी लागे, ना क्लोरीन. विभागप्रमुख उदयसिंह सर पाणी दूषित निघालेल्या, नको त्या विहिरीची फाइल ‘अंतिम’ या फोल्डरमधून काढून ‘संशयित’मध्ये ठेववीत. संगणकावरचा आकडेवारीचा प्रोग्राम सरासरी काढी ती फक्त ‘अंतिम’ची. एकही आकडा खोडला जात नसे. सरांचे चारित्र्य निष्कलंक राही.

तळोज्याकडच्या गावांतून तीन उन्हाळे पाण्याचे नमुने गोळा करणाऱ्या दमयंतीला हे चारित्र्य तोंडपाठ होते. विहिरीवर बाटली भरून देताना तिथली कमळाबाई म्हणाली होती, "बाय, तुमी निस्ता लिवून नेता. पितो आमीच." त्याला दमयंतीचे उत्तर एकच असणार होते: अहवाल. तो आज दुपारी पाण्याची चौकशी करणाऱ्या समितीकडे जायचा होता.

टायपिंग करणारी रमा रजेवर होती. चपला दाराबाहेर काढून सर स्वतः संगणकापुढे बसले, पूजेला बसावे तसे.

"फाइली हलवायला प्रोग्राममधून बाहेर पडावं लागतं का हो, मॅडम?"

"नाही. आतूनच आज्ञा देता येते. आधी कोणत्या, मग कुठे."

"तुम्हीच करा ना."

"माझ्या हातून नको, सर."

"अहो, पुसतोय थोडंच? माणसांची बदली होते, तशी ही."

सरांनी तळोज्याकडच्या सगळ्या विहिरी निवडल्या आणि आज विशेष सौजन्य म्हणून फोल्डरला नवे नाव दिले: ‘विचाराधीन’. असा फोल्डर अस्तित्वातच नव्हता. तो आधी तयार करावा लागतो, हे सरांना ठाऊक नव्हते; आजवर ते रमा करी. प्रोग्रामने निमूटपणे पहिल्या फाइललाच ते नाव दिले, दुसरी तिच्यावर लिहिली, तिसरी दुसरीवर. दमयंतीने ते पाहिले आणि होऊ दिले.

"एकच दिसतेय. बाकीच्या कुठायत?"

"पुसल्या गेल्या. तुम्ही पुसल्यात."

सर खुर्चीतून उठले. "समितीनं मागितल्या तर? बाजूला ठेवल्यात म्हणून दाखवाव्या लागतात हो."

दमयंती त्यांच्या जागी बसली आणि तिने पर्समधून मूळ फाइलींची फ्लॉपी काढली. सगळ्या विहिरी ‘अंतिम’मध्ये परतल्या. सरासरी निघाली आणि प्रिंटर करकरू लागला.

"आता त्या पुन्हा बाजूला..."

"घ्या ना," ती खुर्ची सोडून म्हणाली. "आज्ञा आता येते तुम्हाला."

सर बसले. बोटे कीबोर्डवर अधांतरी राहिली, मग मांडीवर आली.

"रमा उद्या येईल," ते म्हणाले.

"समितीकडे गाडी आज जातेय," दमयंती म्हणाली आणि प्रिंटरमधून पहिला कागद फाडून तिने सहीसाठी त्यांच्यापुढे धरला.