एकाच दाताची नांगी

गफूर सौदीतली, दमामची नोकरी सोडून कायमचा घरी आला त्याला पाच महिने होऊन गेले, तरी हाजरा त्याला चहा बशीसकटच देत होती. स्वतःला स्टीलचा पेला आणि गफूरला काचेच्या कपाटातली निळ्या फुलांची कपबशी, शेजारी दोन नानकटाया. नवऱ्याला कुणी असा चहा देतं का? पण हाजराला दुसरा येतच नव्हता.

त्यात तिची तरी काय चूक. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली, पण दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा, असं मोजलं तर ही दोघं एका छपराखाली अडीच वर्षंसुद्धा राहिलेली नव्हती. पहिल्या रजेलाच सासूने तिला जवळ बसवून सांगितलं होतं, "दोन महिन्यांचा माणूस हाय, हाजरा. त्याला नाय म्हणू नको, त्याचं चुकलं म्हणू नको. हसत येऊ दे, हसत जाऊ दे." हाजराने सासूचं इतर फारसं काही ऐकलं नाही, हे मात्र मनावर घेतलं. गफूरने म्हणावं, भांड्यांची मांडणी खिडकीखाली बरी दिसेल, आणि हिने म्हणावं, छान दिसेल. तो विमानात बसला की ती मांडणी मुकाट्याने जुन्या जागी यायची.

घर आरे-वारेच्या रस्त्यावरून आत वळून चढण चढलं की लागणाऱ्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर. विहीर खाली, शेताच्या कडेला. पंप होता, पण पाइप उघड्या कातळावरून वर आणलेला. तो उन्हाने तडकायचा, गुरांच्या पायाखाली फुटायचा आणि मग हाजरा कळशी घेऊन पायऱ्या उतरायची. वर चढताना मध्ये एकदा थांबून गुडघा चोळायची. आल्यापासून गफूर हे पाहत होता, आणि आता त्याने ठरवलं की पाइप जमिनीत गाडायचा. विहिरीपासून घरापर्यंत चर मारायचा. त्यात मधले चाळीस फूट निव्वळ कातळ. घराकडे येणारी पाखाडीची वाट इतकी अरुंद की जेसीबी शिरत नव्हता. शिरत होता फक्त शेजारच्या आनंदाचा मिनी ट्रॅक्टर. आनंदाने होडी विकून तो घेतला होता, आणि पुढे लोडरची बादली होती म्हणून चिरे, खत, वाळू, काय वाटेल ते तो त्यात भरून फिरायचा.

"बादली उचलते, पण खोदत नाय," आनंदा म्हणाला.

"खोदील," गफूर म्हणाला. "तिला खोदायला शिकवू."

आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. दोन वर्षांचं एक शेवटचं काम आहे, तुझ्यासारखा वेल्डर मिळत नाही, पुढच्या जुम्म्याच्या आत हो की नाही ते सांग. गफूर म्हणाला, "बघतो." हाजरा आत तांदळाची भाकरी थापत होती. भाकरी परातीतच राहिली आणि तवा रिकामाच तापत बसला.

तिला तो जायला नको होता. इतकं साधं होतं ते, आणि इतक्या वर्षांत एकदाही तिने तोंडातून काढलेलं नव्हतं. आशा होती ती आनंदाच्या एका वाक्याची. तो बोलता बोलता म्हणाला होता, "गफूरभाय, हे जमलं तर सड्यावरच्या सगळ्या आंब्याच्या कलमांचे खड्डे तुमीच मारणार. लोक सोडायचे नायत तुमाला." तेव्हापासून हाजराचा जीव त्या अजून न झालेल्या लोखंडी वस्तूत अडकला. ती चालली तर माणूस राहील, नाही चालली तर जाईल, असं तिने आपलं आपणच ठरवून टाकलं.

गफूरने हातखंब्याच्या भंगारवाल्याकडून जाड प्लेट आणि ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे आणले आणि अंगणात फणसाखाली वेल्डिंगचं मशीन लावलं. बादलीच्या ओठावर चढवून बोल्टने आवळायची एक चौकट, तिच्या पुढे हातभर लांब, अरुंद लोखंडी सूप, आणि सुपाच्या तोंडाला दात. बादली पालथी केली की दात जमिनीत जातील, ट्रॅक्टर मागे घेतला की माती ओढली जाईल, बादली उलटी वळवली की वर उचलली जाईल. गफूरने हे हाजराला पंजाने हवेत खोदून दाखवलं.

नवऱ्याला काम करताना तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्याचं काम म्हणजे तिच्या लेखी फोनवरचा दमलेला आवाज आणि बॅगेतले बदाम. आता ती भाजी निवडायला मुद्दाम ओटीवर बसू लागली. पाटा कडक लोखंडाचा, थंडच जोडला तर तडकतो, म्हणून तो आधी तापवून घ्यायचा. जोड निवला की त्यावर हातोडीने टिचकी मारून कान लावायचा आणि आवाज पसंत पडला की मान हलवायचा. मान हलवताना तो कसलंतरी गाणं गुणगुणे, तेही बेसूर. हाजराला पन्नाशीला टेकल्यावर नवरा आवडायला लागला, आणि तिची तिलाच लाज वाटली.

फक्त त्या सुपाला त्याने पाच दात लावले होते. ओळीने, फणीसारखे. हाजराने ते पहिल्याच दिवशी पाहिले, आणि हे चालायचं नाही हे तिला कळलं. मागच्या आवारातली अकरा कलमं तिने आणि वाडीतल्या गोदूबाईने स्वतः लावली होती, पहारीने कातळ फोडून. कातळ कुठे ऐकतो आणि कुठे ऐकत नाही हे तिच्या खांद्यांना ठाऊक होतं.

"कसं झालंय?" गफूरने विचारलं.

"छान झालंय," हाजरा म्हणाली.

सोमवारी आनंदाने ट्रॅक्टर आणला. खालच्या मातीत नव्या अवजाराने लोण्यासारखा चर काढला, आणि आनंदाने टाळी दिली. मग कातळ आला. पाच दात त्यावरून फरफटत गेले आणि मागे पाच पांढऱ्या रेघा उमटल्या. एवढंच. "मांजरानं नख्या घासल्यान् जणू," आनंदा म्हणाला. गफूरने दातांना टोकं काढली, सुपावर वजन चढवलं आणि पुन्हा विचारलं, "आता?" हाजरा म्हणाली, "आता छान हाय." मंगळवारी ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरली आणि दोन दात कटकन मोडले.

गफूर खाली उतरला, मोडका दात उचलून कातळावरच बसला. "मला इथलं काय कळतंय," तो म्हणाला. "पंचवीस वर्षं वाळूत खोदायचे दात घडवले. हा माझा मुलूखच नाय राहिला."

हे मात्र हाजराला सोसलं नाही. रागावली ती त्याच्यावर, स्वतःवर की मातीत गेलेल्या सासूवर, ते तिचं तिलाही कळलं नाही. पडवीतून पहार घेऊन ती तरातरा आली.

"पाच दात कशाला लावलेत?"

गफूरने वर बघितलं. "म्हंजे?"

"वाळूला चालतात पाच. कातळाला एकच टोक लागतं. पाच ठिकाणी जोर वाटला गेला तर तो कुणालाच दाद देत नाय. आनी वरून काय खरवडता? ही वरची साल तेवढी कडक, खाली मऊ हाय. एक भोक पाडायचं, टोक सालीच्या खाली घालायचं नि खालून उचकटायचं." बोलता बोलता तिने कातळातली भेग पायाने चाचपली, तिथे पहारीचे चारपाच घाव घातले आणि पहारीवर अंग टाकलं. तव्याएवढी ढलपी उचकटून वर आली.

गफूर त्या ढलपीकडे बघत राहिला. "हे तुला कधीपास्नं माहीत होतं?"

"पयल्या दिवसापास्नं."

"मंग मी विचारलं तवा छान का म्हणालीस?"

"तुमी विचारलंत की मी छानच म्हणते. सव्वीस वर्षं म्हणतेय." हाजराचा बांध फुटला तो फुटलाच. "तुमी मांडणी हलवता, तुमी गेलात की मी परत जागेवर आणते. तुमी आणता त्या अत्तरानं माझं डोकं दुखतं."

आनंदा उठून ट्रॅक्टरच्या टायरमध्ये हवा आहे का ते बघायला लागला.

"दर खेपेला आणलं मी ते," गफूर हळू आवाजात म्हणाला. "लावायचीस की."

"तुमी असलात की लावायची."

गफूरने मोडका दात या हातातून त्या हातात घेतला. आता हा काय बोलतो म्हणून हाजरा पहार रोवून उभी राहिली.

"मला गोड आवडत नाय," गफूर म्हणाला.

"काय?"

"खीर. तू मी आल्या दिवशी करतेस ती. नि मंग रोज करतेस."

"दोन-दोन वाट्या खायचात की."

"तू वाढायचीस."

हाजराने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून निसटलंच. मग गफूरही हसला, पोट धरून हसला, आणि डोळे पुसत म्हणाला, "बाय, पाव्हणे होतो गो आपण एकमेकांचे." आनंदाने तोवर चारही टायर दोनदा तपासून झाले होते.

त्याच दुपारी गफूरने उरलेले दात कापून टाकले आणि पाट्याचा एकच लांब, आत वळलेला दात सुपाच्या मधोमध जोडला. या खेपेला हाजरा समोर उभी होती. "अजून वळवा," ती म्हणायची, "एवढा नको." तो वळवायचा. दोनदा तो म्हणाला की तुला लोखंडातलं काय कळतं, आणि दोनदा ती म्हणाली की तुम्हाला कातळातलं काय कळतं. आनंदाने तयार वस्तू बघून तिला खेकड्याची नांगी म्हटलं, आणि वाडीभर तेच नाव झालं.

बुधवारी हाजराने पहारीने पहिलं भोक पाडलं. गफूरने नांगीचं टोक त्यात उतरवलं, बादली हळूच वळवली, आणि कातळाची साल कडाड वाजून दारासारखी उघडली. खालचा दगड सुपात भरून यायला लागला. एक फूट, दोन फूट; कुठे अडलं की हाजरा पुढे होऊन भेग शोधून द्यायची. गुरुवारी दुपारी चाळीस फूट पार झाले. पाइप टाकला, वर माती ओढली, आनंदा चहा पिऊन घरी गेला, आणि गफूरने पंप चालू करून अंगणातला नळ सोडला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ आणि गारगार. हाजराने ओंजळ भरून तोंडावर मारली. जिंकले, असं तिला वाटलं.

गफूर नळाशी उकिडवा बसून पाण्याच्या धारेकडे बघत होता. चेहरा समाधानाचा होता.

"झालं तुझं काम," तो म्हणाला. "आता पायऱ्या उतरायला नको. मी नसलो तरी आता तुझं अडणार नाय."

हाजराच्या हातातलं पाणी गळून गेलं. "म्हंजे? त्यासाठी बनवलंत हे?"

"मंग कशासाठी? उद्या जुम्मा. त्याला काय ते सांगायला हवं. तुझ्या गुडघ्याचीच काळजी होती, ती मिटली."

म्हणजे तीन दिवस ती ज्या नांगीसाठी घाम गाळत होती, ती त्याला घराबाहेर काढायलाच बसली होती. एरवी असं झालं असतं तर हाजरा उठून माळ्यावरची बॅग काढायला गेली असती, फडक्याने पुसून त्याच्यासमोर ठेवली असती. आज तिचे पाय हलले नाहीत.

"जाऊ नका," ती म्हणाली.

गफूरने मान वर केली.

"पाणी आलं म्हणून काय झालं? पाण्यासाठी का तुमी पायजे मला? मला तुमी पायजे. भांडायला पायजे. जाऊ नका."

त्याने हात लांब करून नळ बंद केला. "दर खेपेला निघताना मी दारात चपलेचा पट्टा दोन-दोनदा लावायचो. वाटायचं, आता हाजरा म्हणेल, जाऊ नका. तू विचारायचीस, पासपोर्ट घेतलात ना?"

हाजरा त्याच्याशेजारी ओल्या चिऱ्यावर बसली. "मला वाटायचं, मी बोलले तर तुमचं विमान चुकेल."

"चुकलं असतं," गफूर म्हणाला. "तेरा विमानं पकडली मी. एक तरी चुकवलं असतं."

मग त्याने उद्याची वाट न बघता तिथेच खिशातून फोन काढला आणि मॅनेजरला नाही म्हणून सांगितलं. हाजरा त्याच्या बाहीला धरून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत बसली होती.