तिकडची दहा जुलै

आमच्या कार्यालयाचा एक नियम आहे. तारीख विद्यार्थ्याने निवडायची, आपण नाही. पदवी झाली की परदेशी मुलांना इथे वर्षभर काम करायचा परवाना मिळतो. तो कुठल्या दिवसापासून सुरू व्हावा हे मुलांनीच अर्जात भरायचं, शिक्षण संपल्यानंतरच्या साठ दिवसांतला कुठलाही दिवस. एकदा अर्ज मंजूर झाला की तारीख बदलत नाही. आणि त्या तारखेपासून बिनकामाचे फक्त नव्वद दिवस. तेवढे संपले तर बॅग भरायची.

एकवीस वर्षं मी आयोवातल्या या लहानशा गावात, विद्यापीठाच्या तळघरात बसून हेच सांगते आहे. मुलं मला हाउगनबाई म्हणतात.

पूर्वी मी सल्लेही द्यायची, अगदी न मागता. क्वाबेना म्हणून घानाचा एक मुलगा होता. शांत, हुशार. "उन्हाळा कशाला वाया घालवतोस? पहिलीच तारीख टाक," असं मी त्याला ठणकावलं आणि त्याने ऐकलं. नव्वद दिवस संपले, तो गेला, आणि आठ दिवसांनी एका कंपनीचं बोलावणं आलं. निघताना तो मला थँक यू म्हणाला होता. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी तोंडाला कुलूप घातलं, आणि नियम पाळणारी बाई म्हणून माझं कौतुकही झालं.

यंदा एप्रिलमध्ये गेरेल आली. मंगोलियाची मुलगी, पशुविज्ञान शिकलेली. आईवडिलांचा मेंढ्या-घोड्यांचा कळप. ही पोरगी दर सुट्टीनंतर माझ्यासाठी वाळवलेल्या दह्याचे खडे आणते. एकदा मी कौतुकाने चावायला गेले आणि दाढेचा तुकडा पडला. तेव्हापासून ते माझ्या खणात पडून असतात.

"बाई, चीज कारखान्याच्या प्रयोगशाळेत मुलाखत झाली," ती खुर्चीत बसता बसता म्हणाली. "जूनमध्ये माणूस लागणार आहे त्यांना."

"अगं, छानच की!"

"छान काय डोंबल! लवकरची तारीख टाकली आणि त्यांनी मला घेतलंच नाही, तर मेपासून माझे दिवस जळायला लागणार. उशिराची टाकली आणि त्यांनी घेतलं, तर जूनमध्ये मी हात चोळत बसणार. तुम्ही सांगा ना."

"निर्णय तुझा आहे."

"हे तर पाटीवर पण लिहून ठेवता येईल. मग तुम्ही कशाला?"

लागलं मला. माझ्या मनात काय होतं ते मला स्वच्छ माहीत होतं. कारखान्यांचा जून बहुतेकदा ऑगस्टात उगवतो. उशिराची तारीख टाक, पोरी, शेवटचीच टाक. हे सगळं घशाशी आलं आणि मी कॉफीबरोबर गिळून टाकलं.

दोन दिवसांनी ती पुन्हा आली. आता हसत होती.

"आईचा फोन आला होता. टेकडीवर चढून केला तिने, खाली रेंज नसते. लामांना विचारून आलीय. ती केस कापायचा दिवससुद्धा विचारल्याशिवाय ठरवत नाही. तर माझ्या कामाला लामांनी दिवस दिलाय दहा जुलै."

मी कॅलेंडर बघितलं. तिचं शिक्षण दहा मेला संपत होतं. साठावा दिवस येत होता नऊ जुलैला. "एका दिवसाने हुकलं की गं," मी म्हटलं.

"तेच ना! म्हणजे आईचा दिवस बसतच नाही, तोही प्रश्न मिटला. नऊ तारीख म्हणे अगदी वाईट आहे. मग मी सरळ अकरा मे टाकते. पहिलीच. होऊन जाऊ दे."

पहिलीच. तिने फॉर्म उघडला, बोट अकरावर नेलं. आणि मी म्हणाले, "आत्ता तुझ्या आईकडे किती वाजलेत?"

"तिकडे? मध्यरात्र उलटली असेल. तेरा तास पुढे आहेत ते."

"म्हणजे इकडे नऊ जुलैला सकाळचे अकरा वाजले की तिकडे कुठली तारीख लागते?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. "दहा," ती हळूच म्हणाली. "बाई, अकरानंतर तिकडची दहाच असते!"

"मी काहीच सांगितलं नाही हं. मी फक्त वेळ विचारली."

तिने नऊ जुलै भरली. त्या दिवशी मी घरी शीळ घालत गेले. नियमही मोडला नाही आणि मुलगीही वाचवली, असं वाटत होतं मला.

कारखान्याचा जून मात्र या वर्षी जूनमध्येच उगवला. तीन तारखेला त्यांचा फोन आला, सोमवारपासून या. नऊ जुलैपर्यंत थांबाल का, असं गेरेलने तीनदा विचारलं. ते थांबले नाहीत. दुसऱ्या मुलीला घेतलं.

ती आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मी उठून दार लावून घेतलं. बरीच वर्षं मी कुणासाठी दार लावलं नव्हतं.

"तुमचा काही दोष नाही," ती म्हणाली. "तुम्ही फक्त वेळ विचारली होतीत."

"खोटं आहे ते," मी म्हटलं. "तू नऊ जुलैच टाकावीस असं मला हवं होतं. मला तुझ्या आईच्या लामांशी काही देणंघेणं नव्हतं. मी घड्याळाआड लपले. एका मुलाला मी चुकीचं सांगून बसले होते, म्हणून तुला सरळ सांगायची हिंमत नव्हती माझ्यात. आणि तुझं काम गेलं ते माझ्यामुळे."

ती नाक पुसून म्हणाली, "मला कळलं होतं बाई. तुम्ही वेळ विचारली तेव्हाच. इतका वाईट अभिनय करता तुम्ही!"

"मग ऐकलंस कशाला?"

"आई तिकडे टेकडीवर चढून माझ्यासाठी तारीख विचारत फिरते. इकडे मला कुणीतरी तसं हवं होतं. ज्याला माझं काय होईल याची भीती वाटते, असं कुणीतरी."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

नऊ जुलैला सकाळी अकराला ती कागदी पेल्यात दूध घेऊन आली. हातात काम नव्हतं, नुसतं परवान्याचं कार्ड होतं. पार्किंगमागच्या गवतावर उभी राहून तिने चमच्याने आकाशाकडे दूध उडवलं. त्यांच्याकडे माणूस लांबच्या वाटेला लागला की मागे राहिलेली आई असं करते. फोनमध्ये तिची आईही टेकडीवर तेच करत होती. चार थेंब माझ्या ब्लाउजवर पडले. मी पुसले नाहीत.

मग आम्ही दोघी दिवस मोजायला लागलो. तिसावा गेला. आठ ऑगस्ट आली तेव्हा मी मनात म्हटलं, पहिली तारीख टाकली असती आणि काम मिळालं नसतं, तर आज हिचे नव्वद संपले असते. पण तशी टाकली असती तर जूनमध्ये कारखान्याने हिला घेतलंच असतं, हेही खरं होतं. हा हिशेब कितीही मांडला तरी माझ्या बाजूने सुटत नव्हता. पन्नासावा गेला. साठावा गेला. ती जवळजवळ रोज यायची आणि मी आता नियमाबियम न बघता तिच्यासाठी ओळखीपाळखीत फोन फिरवायची.

सतरा सप्टेंबरला, एकाहत्तराव्या दिवशी, तिचा निरोप आला. जनावरांच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम मिळालं, उद्यापासून. खाली लिहिलं होतं, "आई विचारते, तुमच्यासाठी लामांना काही विचारायचं आहे का?"

मी खणातला दह्याचा एक खडा काढला, न चावता गालात धरला, आणि क्वाबेनाचा जुना पत्ता शोधला. नऊ वर्षं मी त्याला एक ओळही लिहिली नव्हती. मग नमस्कार-चमत्कार न करता सरळ लिहिलं, "क्वाबेना, तुझी तारीख तू निवडली नव्हतीस. मी निवडली होती."