गार भिंतीवरचं ताट

हिवाळ्यात पाहुण्यांची खोली कुणी उगाच तापवत नाही. उझबेकिस्तानातल्या या कुंभारांच्या गावात, रिश्तानात तरी नाही. त्यामुळे मुहय्योनं तिथल्या भिंतीवरून मोठं निळं ताट उतरवलं, तेव्हा ते गारठून गेलं होतं. तिचे सासरे सोबिर उस्ताद यांनी स्वतः रंगवलेलं हे शेवटचं ताट. उस्तादांना जाऊन दोन वर्षं झाली होती. दर गुरुवारी त्यांच्या नावानं पुलाव व्हायचा आणि आज तो त्यांच्याच ताटात वाढायचा, असं सासूबाईंनी, म्हणजे इनोबतबाईंनी ठरवलं होतं.

मुहय्यो ताश्कंदची, शरदात लग्न होऊन आलेली. हौस दांडगी! विस्तवावरून उतरवलेली कढई तिनं तशीच ताटात रिकामी केली. टण्णकन आवाज झाला. काठापासून मधोमध रंगवलेल्या डाळिंबापर्यंत चीर गेली आणि तिच्यातून तूप जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर झिरपायला लागलं.

"अगं बाई!" शेजारची तोतीखान ओरडली. ती चिमूटभर जिरं मागायला आली होती आणि पुलावाच्या वासानं तासभर रेंगाळली होती. "उस्तादांची शेवटची खूण गं!"

 इनोबतबाईंनी पुलाव दुसऱ्या ताटात काढला, फुटकं ताट कोमट पाण्यानं हलकेच पुसलं आणि आपल्या शालीत गुंडाळून ठेवलं. मुहय्योला वाटलं, त्यापेक्षा दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. घास तिच्या घशाखाली उतरेना.

तोतीखानच्या मात्र व्यवस्थित उतरत होता. दुसऱ्यांदा वाढून घेत ती म्हणाली, "मी असते ना, तर अशा सुनेला आजच माहेरी धाडलं असतं. शहरातल्या पोरी! यांना माती आणि प्लास्टिक सारखंच."

चहा ओतायचं काम सुनेचं. मुहय्योनं किटली उचलली, तर इनोबतबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली.  सुनेच्या हातून किटली काढून घ्यायची, म्हणजे आता राहिलं काय?

इनोबतबाईंनी आधी तोतीखानचा प्याला भरला. अगदी काठोकाठ, वर थेंब मावणार नाही इतका.

तोतीखानचा चेहरा पडला. इथे माणूस हवासा असला की प्याल्यात थोडाच चहा ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. काठोकाठ भरला, की पिऊन निघायचं. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"बरं, येते मी," ती फणकाऱ्यानं म्हणाली. चहा तसाच टाकून गेली. जिरंसुद्धा विसरली.

आता प्याला राहिला मुहय्योचा. इनोबतबाईंनी किटली रिकामी केली, नवी पत्ती घातली, वर उकळतं पाणी ओतलं. रंग उतरावा म्हणून चहा प्याल्यात ओतला, परत किटलीत. पुन्हा प्याल्यात, पुन्हा किटलीत. तिसऱ्यांदाही तसंच. मुहय्योची नजर प्याल्याच्या काठावर खिळली होती. माहेरी जाऊन आईला काय सांगायचं, याची ती मनात जुळवाजुळव करत होती.

मग इनोबतबाईंनी तिच्यासाठी चहा ओतला. तळ जेमतेम झाकला. दोन घोट.

मुहय्योला रडूच कोसळलं. "आई, माझ्यामुळे बाबांचं ताट..."

"तू कशाला रडतेस? रडायचं तर मी रडीन," असं म्हणेपर्यंत इनोबतबाईंचेच डोळे भरून आले. "गार ताट आधी ऊन पाण्यानं तापवायचं असतं, मग पुलाव. मी सांगायला हवं होतं गं. या घरात कधी कुणाला सांगावंच लागलं नाही. सगळे मातीत लोळूनच मोठे झालेले." त्यांनी शालीवरून हात फिरवला. "चिरेला पितळेचे टाके घालून घेऊ. पुलाव नाही, पण द्राक्षं राहतील त्यात."

मुहय्योनं दोन घोटांत चहा संपवला.

"इकडे कर प्याला," सासूबाई म्हणाल्या.