मोठ्या बाईंची कवळी आणि दुपारचं डिफ्रॅग

ही गोष्ट आजवर कुणाला पटलेली नाही, तुम्हालाही पटणार नाही, आणि पटलीच तर डोकं तपासून घ्या. पण मध्येच उठू नका. किळसवाणा भाग सुरुवातीलाच आहे. तो एकदा घशाखाली उतरला की पुढचं सगळं नुसतं घाणेरडं आहे.

तर एक होता कवळ्या बनवणारा. त्याला सगळे नाकमुरडे म्हणत. आडनाव नव्हे ते. नाक एकदा जे मुरडलं ते परत सरळ झालंच नाही. दाराची कडी तो कोपराने उघडायचा. कुणी शिंकलं की श्वास रोखून गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचा आणि तिथे सोडायचा. असा माणूस परक्यांच्या जबड्यांवर पोट भरतो ही दैवाची चेष्टाच. पण वडिलांचं दुकान, टाकतो कुठे? त्यातल्या त्यात त्याने एक सोय केली होती. तोंडात बोटं घालायची ती दवाखान्यातल्या डॉक्टरांनी. तिथून जबड्याचं मोजमाप संगणकावर यायचं, संगणक ते यंत्राला सांगायचा, आणि यंत्र पांढऱ्या ठोकळ्यातून दात कोरायचं. या सगळ्यात लाळेचा थेंब कुठे येत नाही, असं बिचारा समजून होता.

येत होता. कारण संगणकावर बसायचा त्याचा मेहुणा.

मेहुण्याला म्हणत ढेकरे, आणि का म्हणत ते गल्लीच्या तोंडाशीच ऐकू यायचं. हा गडी खुर्चीत बसला की उठायचा नाही. खाणं तिथेच, पिणं तिथेच, कान कोरणं तिथेच. कीबोर्डच्या फटींत पावाचा चुरा, त्यावर चहा, त्यावर पुन्हा चुरा, असे थरावर थर. एंटरच्या बटणाखाली माशाचा काटा अडकलेला, त्यामुळे ते दाबलं की टोचायचं. माउसला साय धरलेली. पंख्याच्या जाळीवर केसांची आणि धुळीची अशी घोंगडी जमली होती की थंडीत पांघरता आली असती. पडद्यावरचे ठिपके शिंकांचे की रश्श्याचे, हे ठरवायला नाकमुरडे कधी जवळ गेला नाही.

"अरे, निदान पुसत तरी जा!" तो दारातूनच ओरडायचा.

"पुसलं की खराब होतं, भाऊजी. सवय झालीय त्याला."

आता असा संगणक धावणार कसा? मोजमाप उघडायला घेतलं की आतली डिस्क म्हाताऱ्यासारखी खाकरायची, थुंकी गोळा करायची, आणि थुंकायचीच नाही. त्याचं कारण नाकमुरड्याने शोधून काढलं. डिस्कवर एकेका माणसाचा जबडा एका जागी ठेवलेलाच नव्हता. जागा मिळेल तिथे तुकडे: पोलिसाची दाढ इथे, तिचं मूळ तिथे, मध्ये न्हाव्याच्या हिरड्या. उष्ट्या ताटांच्या ढिगाऱ्यात आपला चमचा शोधावा, तशी डिस्क एकेक तुकडा हुडकत फिरायची. हे तुकडे गोळा करून नीट लावण्याचं काम म्हणजे डिफ्रॅग. संगणक ते आपोआप करतो, पण मध्यरात्री; आणि ढेकरे रोज संध्याकाळी भिंतीवरचं बटणच बंद करून घरी जायचा. म्हणजे घर झाडायला मोलकरीण रोज यायची, आणि दाराला रोज कुलूप.

हे सगळं एरवी चाललं असतं. पण त्या दिवशी मोठ्या बाईंची कवळी द्यायची होती.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गावाचं वाचनालय मोडून तिथे गाड्या लावायच्या, असा ठराव गावच्या कमिटीपुढे होता, आणि त्याविरुद्ध संध्याकाळच्या सभेत बोलणारं एकच तोंड उरलं होतं. नेमकी त्याच तोंडातली कवळी फरशीवर पडून फुटली. सकाळी बाई दुकानात आल्या, रुमाल ओठांवर धरून.

"शंध्याकाळपर्यंत दे," त्या म्हणाल्या. "बोळक्या तोंडाने उभी राहिले तर हशतील, आणि हशले की वाचनालय गेलं म्हणून शमज."

"देतो बाई," म्हणत नाकमुरडे उभा राहिला. त्याला त्यांनीच शिकवलं होतं. अजून त्यांच्यापुढे त्याचे हात आपोआप मागे जात.

बाईंचं जुनं मोजमाप संगणकात होतंच, पण डिस्क खाकरतच होती. मग त्याने मनाचा हिय्या केला. हातमोजे चढवले, नाकाला रुमाल बांधला, खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि संगणकासमोर बसला. डिफ्रॅगचं वेळापत्रक उघडलं. दररोज. वेळ? दुपारची, जेवणाची. कुणी काम करत असेल तर थांबायचं का? नाही, अजिबात थांबायचं नाही. एंटर दाबलं, काटा हातमोज्यातून आत घुसला. तो किंचाळत उठला आणि हात धुवायला पळाला. ढेकऱ्याला सांगायचं राहून गेलं.

त्याच्या मते सांगण्यासारखं काही नव्हतंच. दुपारी तो स्वतः घरी जायचा, कारण मेहुण्याला जेवताना बघणं त्याला सोसायचं नाही. आणि जेवताना काम बंद असतं, असा त्याचा सरळ हिशेब. उजव्या हाताने घास आणि डाव्या हाताने माउस, असा प्राणी जगात असू शकतो हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ढेकऱ्याने नेमकं जेवतानाच बाईंचं मोजमाप यंत्राला दिलं. त्याच वेळी डिस्क तुकडे गोळा करायला लागली. बाईंचा जबडा उचलून इकडे ठेव, पोलिसाचा तिकडे सरकव. यंत्राला ऐन वेळी समोर जो तुकडा दिसेल तो त्याने कोरला.

नाकमुरडे परतला तर दुकानात मासळीचा वास, आणि ताटलीत कवळी. कवळी कसली, दातांची जत्रा! पुढच्या रांगेमागे दुसरी रांग, दाढेवर दाढ चढलेली. न्हाव्याचा वाकडा सुळा, पोलिसाची फट, पैलवानाचे चौकोनी चौथरे, आणि कमिटीच्या अध्यक्षांची पोखरलेली दाढ. यंत्र तरी किती प्रामाणिक! कुणाच्या दातांत अडकलेला मांसाचा धागा, कुणाचा तंबाखूचा थर, सगळं जसंच्या तसं कोरलेलं.

नाकमुरड्याने नाक चिमटीत धरलं. "मेल्या, हे काय केलंस?"

"मी कुठे काय केलं?" ढेकरे बोटं चाटत म्हणाला. "मी जेवत होतो."

"आता दुसरी होईल का सभेआधी?"

"डिस्क अजून गोळाच करतेय, भाऊजी. चिकाटी आहे हो तिच्यात."

तेवढ्यात बाई आल्याच. नाकमुरड्याने तोंड उघडायच्या आत त्यांनी ते प्रकरण ताटलीतून उचललं आणि तोंडात बसवलं. खट्ट! गाल फुगले. त्या चालू लागल्या. मागोमाग हे दोघे धावले, एक हात जोडत, दुसरा हात पुसत.

सभेत बाई उभ्या राहिल्या. तोंड उघडलं, आणि ज्याचा दात त्याचा आवाज! आधी न्हावी बोलला: "इथे रोज फुकट पेपर वाचतो, मी नाही मोडू देणार." खरा न्हावी तिसऱ्या रांगेत आपला गळा चाचपत बसला. मग पैलवान गरजला. मग पोलिसाच्या फटीतून अशी शिटी वाजली की बाहेरच्या गाड्या थांबल्या. बाईंच्या हनुवटीवरून लाळेची धार लागली होती, आणि पहिल्या रांगेतल्या कमिटीच्या कोटांवर तिचे तुषार उडत होते. कुणी हसलं नाही. हसायला तोंड उघडावं तर आपलाही आवाज तिकडून यायचा, ही भीती. शेवटी ती पोखरलेली दाढ उघडी पडली आणि अध्यक्षांच्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ठराव मागे घेतो. मला तो पहिल्यापासून आवडला नव्हता." अध्यक्ष उठून नाही म्हणणार, तर त्यांच्याच आवाजाला विरोध कसा करायचा हे त्यांना उमजेना. ते खाली बसले. वाचनालय वाचलं.

बाईंनी कवळी काढली ती थेट नाकमुरड्याच्या उघड्या तळहातावर ठेवली. गरम, बुळबुळीत, आत अजून काहीतरी पुटपुटणारी. त्याने तो हात अंगापासून लांब धरला.

"शाबाश रे," बोळक्या तोंडाने बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाल्या.

त्या शब्दाने तो पार विरघळला. ढेकऱ्याने आनंदाच्या भरात डब्यातला उरलेला घास, त्याच चाटलेल्या बोटांनी, पुढे केला. आणि नाकमुरड्याने तो खाल्ला. वर दुसरा मागून घेतला...

"खोटं! साफ खोटं!" गोष्ट ऐकायला बसलेल्यांत मागच्या बाकावरून ओरडणारा दुसरातिसरा कुणी नव्हता, खुद्द ढेकरेच होता, गालात घास धरून बसलेला. "दात बोलले म्हणालात, ऐकून घेतलं. अध्यक्ष गप्प बसले म्हणालात, तेही गिळलं. पण भाऊजींनी माझ्या हातचा घास खाल्ला? अहो, थापेलासुद्धा काही लाज असते की नाही!"