रोज एक मिलिमीटर

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पोपटाचा नव्हे, पायाचा. चार पोलादी कड्या, त्यांना जोडणारे आट्यांचे दांडे आणि हाडातून आरपार जाणाऱ्या तारा, एवढाच माझा संसार. तारा दर खेपेला नव्या असतात, बाकी सगळा मी तोच. कारखान्यातून आलो तेव्हा आरशासारखा चकचकीत होतो. आता इतक्या वेळा धुतला आणि उकळला गेलो आहे की कड्यांवरचे आकडेही पुसट झालेत.

शस्त्रक्रियेच्या खोलीत माझ्या शेजारी रॉड आणि प्लेट असतात. रॉड नडगीच्या पोकळीत शिरून बसतो, प्लेट स्क्रूंनी हाडाला चिकटून कातडीखाली दडते. दोघे दिसत नाहीत, म्हणून सगळ्यांचे लाडके. साधं सरळ मोडलेलं हाड मिळालं की हे दोघे टेंभा मिरवायला मोकळे. पण हाडाचा चुरा झालेला असला, जखमेत माती आणि ग्रीस गेलेलं असलं, की दोघेही काखा वर करतात. मग घाण निस्तरायला मी. आणि वर पेशंटचे नातेवाईक मला पाहून तोंड फिरवतात.

असाच मी उस्तादच्या पायावर बसलो. उस्ताद म्हणजे ट्रक दुरुस्त करणारा मिस्तरी. जॅक सरकला आणि त्याची डावी नडगी ट्रकखाली गेली. चार सेंटिमीटर हाड मेलं होतं, ते डॉक्टरांनी काढून टाकलं. मग गुडघ्याखाली चांगलं हाड कापून तो तुकडा माझ्या कड्यांना बांधला. माझा नट फिरवायचा, तुकडा रोज एक मिलिमीटर खाली सरकवायचा. मागे पडणाऱ्या फटीत शरीर नवं हाड भरतं. घाई केली तर भरत नाही. एवढं साधं आहे हे.

"पाव फेरा, दिवसातून चार वेळा," डॉक्टर म्हणाले आणि पाना बायकोच्या हातात दिला. उस्तादच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं नट पिळलेला माणूस, आणि पाना बायकोकडे!

बायको घरी शिवणकाम करायची. दिवसभर टेप गळ्यात घालून फिरणारी बाई, तिचं माप चुकत नसे. उठल्यावर, जेवणाआधी, दिवेलागणीला आणि झोपताना ती पाव फेरा द्यायची आणि कार्डावर निळी खूण करायची. तिसऱ्या दिवसापासून मात्र ती पलीकडच्या खोलीत मशीन चालवायला बसली की उस्ताद गादीखालून स्वतःचा पाना काढायचा. रोज आणखी चार वेळा. चाळीस दिवसांचं काम वीस दिवसांत उरकतो, असा त्याचा हिशोब. हाड म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा वाटला ह्याला! मी कुरकुरलो, तर त्याने मला तेल लावलं.

बाराव्या दिवशी त्याच्या पायाच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. दवाखान्यात एक्स-रेची फिल्म काढली. कार्डाप्रमाणे फट बारा मिलिमीटर हवी होती. निघाली बावीस, आणि आत नव्या हाडाचा मागमूस नाही.

डॉक्टर बायकोवर कडाडले. "बाई, मोजता येत नव्हतं तर सांगायचं होतं! आता सगळं उलटं फिरवायचं, थांबायचं, पुन्हा सुरुवात करायची. तरीही हाड धरलं नाही, तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल."

तिचा चेहरा पांढरा पडला. आणि उस्ताद? मूग गिळून छताकडे बघत बसला. मी पुष्कळ भित्रे पेशंट पाहिलेत, पण एवढा नेभळट नाही. डॉक्टरही तसलेच, समोरच्या दोघांपैकी नट पिळायची खोड कोणाला असेल हे त्यांना सुचलं नाही.

घरी चादर बदलताना तिला तो पाना सापडला.

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"आणि डॉक्टर मला बोलत होते तेव्हा?"

तिने तो पाना शेजारच्या काकूंकडे नेऊन दिला. डॉक्टरांना मात्र काही सांगितलं नाही. नवऱ्याची अब्रू जाईल म्हणे! पाय जायची वेळ आली, आणि हिला अब्रूची पडली. मला तिचाही राग आला.

मग तिने मला उलटं फिरवलं, पाव पाव फेऱ्याने. थांबली. पुन्हा सरळ फिरवलं. तारांभोवतीची कातडी रोज पुसली. तीन आठवड्यांनी फिल्मवर फटीत धुरासारखं काहीतरी दिसलं, तेव्हा ती दवाखान्याच्या बाकावर बसून हमसून हमसून रडली. पुढे ते हाड घट्ट व्हायला दहा महिने गेले.

मला काढलं त्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीत एक चित्रकलेचे मास्तर बसले होते. तसाच मोडलेला पाय, पुढचा नंबर त्यांचा. शेजारी त्यांची बहीण. उस्ताद लगेच सुरू झाला. "घाबरू नका मास्तर. हाताला सवय पाहिजे. नट काय, मीही फिरवायचो."

"सगळं सांगा," बायको म्हणाली.

"काय सगळं?"

"किती फिरवायचात ते. ह्यांचा पाय जायचा आहे का तुमच्या शहाणपणापायी?"

खोलीत डॉक्टर होते, नर्स होती. उस्ताद एवढासा झाला. मग खाली मान घालून म्हणाला, "डॉक्टर, ते जास्तीचे फेरे माझे होते. हिचं माप एकदाही चुकलं नव्हतं."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोललो. माफ करा."

"ते राहू द्या," ती म्हणाली. "ह्या ताईंना नीट शिकवा."

मित्रांनो, आज मी मास्तरांच्या पायावर आहे. मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही, माझं मी बघून घेईन. पण तुमच्या घरी कोणाचा पाय माझ्यासारख्यात अडकला, तर सांगितलं आहे तेवढंच फिरवा. आणि चुकलात, तर त्याच दिवशी तोंड उघडा. उस्तादला त्यासाठी अकरा महिने लागले. नवं हाड त्याहून लवकर तयार झालं होतं.