तिसरी घागर

बापाशी भांडायले मी जर्मनीहून आली. हे आधीच सांगून टाकते, कारण मागून लोकांनी "बापासाठी धावत आली बिचारी" असं काहीबाही उठवलं. बिचारी-फिचारी काही नाही. रागानं आली.

आमचे बाबा, खुशालराव, फोनचे जन्माचे वैरी. व्हिडिओ कॉल लावला का हा माणूस फोन कानाले लावे. तिकडं शिकायले गेल्यापासून मले बापाचं तोंड कमी अन् कानच जास्त दिसला. पण कान का होईना, दिसे तरी. संक्रांतीनंतर तोही बंद झाला. फोन केला का आई म्हणे, "वावरात गेले." कधी म्हणे, "घसा बसला त्यायचा, डाक्टरनं बोलू नका म्हनलं." माझा भाऊ नितेश म्हणे, "अवं, आत्ताच झोपले ते." माणूस आहे का अस्वल, इतका कसा झोपते?

रोज सकाळी त्यांच्या नंबरवरून गुलाबाचं फूल मात्र न चुकता येई. खाली 'सुप्रभात', अन् मग 'जेवली का?' तिकडं अजून अंधार, रस्त्यात बर्फाचा चिखल, मी बेकरीतल्या कामाले निघालेली, अन् हे मले जेवणाचं विचारून राहिले.

मार्चमध्ये माझा वाढदिवस आला. फोन नाही, गुलाब आला. माझं डोकंच फिरलं. थीसिसची घाई, झोप नाही, पोटात नुसता ब्रेड. मी लिहिलं, 'दोन शब्द बोलायले होत नसंन तर फुलं कायले पाठवता? पोरगी मेली समजा.'

लय वेळानं उत्तर आलं. 'चूक झाली. जेवून घे.'

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. खुशालराव अन् चूक झाली? आमचा बैल दुसऱ्याच्या पिकात घुसला तर "त्याचं वावरच मधात येते" म्हणणारा हा माणूस. मले वाटलं, जिंकली आपण. त्या दिवशी मी खरंच पोटभर जेवली.

थीसिस पास झाली अन् कोणाले न सांगता मी तिकीट काढलं. मले त्यांच्या तोंडून एकदा 'शाब्बास' ऐकायचं होतं. फोनवर नाही, समोरासमोर. आजवर त्यांनी ते कधी म्हटलं नव्हतं. या वेळीही नाही म्हटलं तर भांडायचं, अन् म्हटलं तरी फोनचं भांडण वेगळं काढायचं, हे मी विमानातच ठरवून टाकलं होतं.

अकोल्याले उतरली तर आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा दिवस. ऊन असं का डोळे उघडवत नव्हते. स्टेशनबाहेर आमच्याच गल्लीतले डोमाजीकाका ऑटो घेऊन उभे होते. या माणसाचं तोंड एरवी बंद होत नाही. आज मले पाहिलं, बॅग उचलली, अन् आमची जठारपेठ येईपर्यंत एक शब्द नाही. पैसे देऊ लागली तर हात मागं घेतला. म्हटलं, उन्हानं डोक्यावर परिणाम झाला वाटते.

आखाजीले आमच्याकडं घरातल्या वारलेल्या माणसांच्या नावानं पाण्यानं भरलेल्या मातीच्या घागरी मांडतात. ज्याची त्याची वेगळी. वर आंबा ठेवतात, पुढं आमरसाचं पान वाढतात. आमच्या घरी दोन असतात, आजोबाची अन् आजीची. बाबा पाटावर बसून पूजा करतात अन् आई वाढते.

मी दारातूनच ओरडली, "बाबा, बाहेर या. बोलायचं हाय तुमच्याशी."

आत पाटावर नितेश बसला होता. हातात तांब्या तसाच. त्याच्यापुढं तीन घागरी होत्या.

चुलतमालत कोणी गेलं असंन, असं मी मनाले सांगितलं. पण चुलत्याची घागर आपल्या घरी कशी राहीन? अन् बाबांच्या पाटावर नितेश काहून बसला?

आई सैपाकघरातून आली. मले पाहून तिचा हात आधी कपाळावर गेला. कपाळ मोकळं होतं. परवाच व्हिडिओ कॉलवर तर टिकली होती. तिनं घाईघाईनं फोन उचलला, त्याचं कव्हर काढलं. आत टिकल्यांचं पाकीट होतं. टिकली काढता काढता तिच्या लक्षात आलं असंन का आता काही उपयोग नाही. पाकीट तिच्या हातात तसंच राहिलं.

"कवा?" मी विचारलं.

"संक्रांतीच्या मागून. छातीत कळ आली," नितेश म्हणाला.

मी खाली बसली. रडू येऊन राहिलं नव्हतं. राग येऊन राहिला होता, अन् ज्याच्यावर काढायचा तो घागरीत जाऊन बसला होता. डोमाजीकाकाले माहीत होतं. गल्लीले माहीत होतं. संक्रांतीपासून माझा फोन न उचलणाऱ्या मैत्रिणीले, आरतीलेही माहीत होतं. जठारपेठेत एक मीच तेवढी येडी.

"त्यायनंच सांगतलं होतं दवाखान्यात," आई म्हणाली. "पोरगी शिक्षन अर्ध्यात टाकून येईन, तिले सांगू नका म्हने. या हप्त्यात सांगनारच होतो तुले."

"मंग फुलं कोन धाडत होतं?"

"मी. नितेशनं शिकवलं मले."

मार्चमधला माझा मेसेज मले आठवला. पोरगी मेली समजा. तो हिनं वाचला होता, बाबांच्या फोनवर, मोकळ्या कपाळानं.

"अन् 'चूक झाली'?" मी विचारलं. "ते तरी नितेशनं लिवलं ना?"

आईनं तिसऱ्या घागरीवरचा आंबा सरळ केला.

"तेही मीनंच," ती म्हणाली. "तुह्या बापानं जन्मात कोनाले चूक झाली म्हनलं का वं?"